रानफूल ओळखायचं आणि त्याचं वर्णन लिहायचं कसं: कळलावीचा एक वेल घेऊन पहिल्यापासून

पाऊस लागला की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो यायला सुरुवात होते. एक लालपिवळं फूल, अगदी जवळून काढलेलं, मागचं सगळं धूसर, आणि खाली प्रश्न, "हे कसलं फूल?" मग कोणी सांगतं कळलावी, कोणी अग्निशिखा, कोणी खड्यानाग, कोकणातलं कोणी गौरीचे हात म्हणतं, आणि एखादा बचनाग म्हणतो. आपापल्या गावाप्रमाणे सगळेच बरोबर असतात, पण बचनाग हे नाव हिमालयात उगवणाऱ्या एका वेगळ्याच जहाल विषारी झाडाचंही आहे, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, कुळसुद्धा वेगळं. म्हणजे नुसतं गावठी नाव घेऊन पुढे गेलो तर गोंधळ होतो आणि दोन्ही झाडं विषारी असल्यामुळे हा गोंधळ परवडणारा नाही.

म्हणून मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतो, नाव शेवटी. आधी अख्खं झाड बघा, जे दिसलं ते लिहा, मग कुळ शोधा, आणि नाव त्यानंतर. नाव आधी कळलं की आपण बघायचं सोडून देतो, हे मी स्वतःवरून सांगतोय. कळलावीचे माझ्याकडे पहिल्या तीन पावसाळ्यांतले पन्नासेक फोटो असतील, त्यातल्या एकातही तिचं पान नीट दिसत नाही, आणि पुढे कळलं की तिची सगळ्यात मोठी खूण पानावरच आहे.

खाली जी पद्धत लिहितोय ती कुठल्याही रानफुलाला चालते, पण नुसते नियम वाचून डोक्यात राहत नाहीत म्हणून रत्नागिरीकडे एका सड्याच्या कडेला करवंदीच्या जाळीवर चढलेला कळलावीचा वेल घेऊन सगळं सांगतो.

सोबत काय घ्यायचं

फार काही नको. दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग, १५ सेंमीची पट्टी, वही आणि पेन्सिल. पेन्सिलच घ्या, पेनची शाई पावसात पसरते आणि घरी येऊन वही उघडली की निळे डाग मिळतात. मोबाइल असतोच. भिंग डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि फूल त्याच्याजवळ आणायचं, बरेच जण भिंग फुलाजवळ धरून लांबून बघतात आणि मग म्हणतात काही दिसत नाही.

आधी लांबून बघा

झाडाजवळ लगेच वाकू नका. चार पावलं लांब उभं राहून पहिल्यांदा लिहायचं ते ठिकाण, तारीख, जमीन कसली (सडा, शेताचा बांध, जंगलाची कड, ओढ्याचा काठ), ऊन किती, आणि झाडाची एकूण ठेवण. झुडूप आहे, गवतासारखं आहे, जमिनीवर सरपटतंय, का वेल आहे? वेल असेल तर चढतोय कशाच्या आधाराने, हे फार महत्त्वाचं. काही वेल स्वतःच आधाराभोवती गुंडाळत जातात, काही मुळांनी चिकटतात, काही काट्यांनी अडकतात आणि काही ताण्यांनी, म्हणजे आधाराला विळखा घालणाऱ्या दोऱ्यासारख्या भागांनी, धरून चढतात.

आमचा वेल साधारण अडीच मीटर लांब, खोड मऊ, हिरवं, गुळगुळीत, जाळीत आत कुठेतरी जमिनीतून निघालेलं आणि वर उजेडात येऊन फुललेलं. सोबत करवंद आणि थोडं उंच गवत. तारीख ऑगस्टची. एवढं लिहिलं की पहिला फोटो काढायचा, झाड आणि आजूबाजूची जागा दोन्ही येईल असा. हा फोटो दिसायला अगदी साधा येतो, कोणी लाइक करणार नाही, पण पुढे ओळख पटवताना सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

पान, आणि इथे घाई करू नका

फुलाकडे जायचा मोह आवरा. पानाचं पाहायचं ते असं: देठ आहे का नाही, पानं खोडावर कशी लागली आहेत (एका पेरावर एक, समोरासमोर दोन, का तीनचार एका चक्रात), आकार, कड, टोक, शिरा, लव आहे का, आणि पान साधं आहे का संयुक्त (म्हणजे एकाच पानाचे अनेक छोटे भाग, पर्णिका).

कळलावी इथे पहिल्याच प्रश्नाला नवख्याला चकवते. त्याच एका वेलावर मला काही पानं एकाआड एक, काही समोरासमोर, आणि काही ठिकाणी तीनांचं चक्र असं सगळंच दिसलं. पुस्तकात "पानांची मांडणी" म्हणून एकच चौकट असते आणि आपण घाबरून त्यातलं एक निवडतो. निवडू नका, जे दिसलं ते तिन्ही लिहा, कारण असं मिसळलेलं असणं हीच तिची खूण आहे.

पान बिनदेठाचं, भाल्याच्या पात्यासारखं, मी मोजलेली पानं ९ ते १४ सेंमी लांब आणि दोन ते साडेतीन सेंमी रुंद. आणि टोक बघा! पानाचं टोक निमुळतं होत होत दोऱ्यासारखं बारीक होतं आणि स्प्रिंगसारखं गुंडाळतं, समोर काडी सापडली की तिला विळखा घालतं. म्हणजे या वेलाचा ताणा (पुस्तकात प्रतान म्हणतात) हा पानाचं टोकच आहे. आता ही गोष्ट दुसऱ्या वेलांशी ताडून बघा म्हणजे किती कामाची आहे ते कळेल. काकडी, दोडका, भोपळा यांचा ताणा पानापासून वेगळा, खोडाच्या पेरावरून निघतो. घोटवेलीचे (रानातला एक काटेरी वेल, स्मायलॅक्स) दोन ताणे पानाच्या देठाच्या बुडाशी असतात. वाटाण्याचा ताणा संयुक्त पानाच्या शेवटी, पर्णिकांच्या जागी. साधं अखंड पान आणि त्याचंच टोक गुंडाळलेलं, असा रानातला वेल आपल्याकडे दिसला की फूल नसलं तरी कळलावीचा विचार करायला हरकत नाही. जूनच्या शेवटी जेव्हा फुलांचा पत्ता नसतो तेव्हा मी आता तिला अशीच शोधतो.

शिरा उजेडाकडे धरून बघायच्या. कळलावीच्या पानात शिरा बुडापासून टोकाकडे एकमेकींना समांतर जातात, म्हणजे वनस्पती एकदल गटातली (बी उगवताना एकच बीजपत्र येणारी, गवत, कांदा यांच्यासारखी) असण्याची शक्यता जास्त. शक्यता म्हणतोय, कारण आत्ता ज्या घोटवेलीचं नाव घेतलं ती पण एकदलच आहे आणि तिच्या पानात मात्र जाळीदार शिरा आहेत. म्हणून एका खुणेवर निकाल द्यायचा नाही, दोनतीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवायला लागल्या की मग ठरवायचं.

फोटो: पान वरून, पान खालून, खोडाला लागलेली जागा, आणि ताणा. शेजारी पट्टी ठेवून.

आता फूल

एक फूल बघू नका, वेलावरची सगळी बघा, कळीपासून वाळलेल्यापर्यंत. कळलावीच्या बाबतीत हे केलं नाही तर रंग चुकीचा लिहिला जाणार हे नक्की. कळी हिरवट असते, उमलताना पिवळट हिरवी, मग पिवळी, मग वरून लाली उतरायला लागते, बुडाशी पिवळा पट्टा राहतो, आणि शेवटी फूल जवळजवळ पूर्ण लाल होतं. एकाच वेलावर हे सगळे टप्पे एकदम दिसतात, आणि ग्रुपवर "पिवळी कळलावी वेगळी जात का?" असं जे विचारतात ते बहुतेक वेळा ताजं उमललेलं फूल असतं.

फुलं एकेकटी, शेंड्याकडच्या पानांच्या बगलेत, लांब देठावर, आणि देठ वाकल्यामुळे फुलाचं तोंड जमिनीकडे. पाकळ्या मात्र उलट वर वळलेल्या, सहा, अरुंद, कडा नागमोडी. त्यामुळेच ज्वाळा पेटल्यासारख्या दिसतात आणि अग्निशिखा हे नाव पडलं. मोजताना मला त्या साधारण सहा ते सात सेंमी लांब मिळाल्या.

पाकळ्या म्हटलं खरं, पण वर्णनात नेमकं लिहायचं असेल तर "परिदलं" लिहा. जास्वंदीत बघा, बाहेर हिरवी निदलं आणि आत रंगीत पाकळ्या अशी दोन वेगळी वर्तुळं स्पष्ट दिसतात. कळलावीत सहाही सारख्याच, निदल कुठलं आणि पाकळी कुठली हे वेगळं सांगता येत नाही, अशा वेळी परिदल हा शब्द. नीट बघितलं तर ती तीन बाहेर आणि तीन आत अशी लागलेली असतात. तीनच्या पटीत भाग, हा एकदल असण्याचा दुसरा पुरावा.

मग पुंकेसर मोजा, सहा. चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरलेले, आणि प्रत्येकाच्या टोकाला परागकोश मध्यावर टेकवलेला, हलका धक्का लागला की झुलतो. मधोमध हिरवा अंडाशय. आणि आता ती गोष्ट जी मला या फुलात सगळ्यात आवडते, अंडाशयातून निघालेली दांडी, म्हणजे कुक्षीवृंत, सरळ खाली न जाता बुडापाशीच जवळजवळ काटकोनात मोडल्यासारखा एका बाजूला वळतो आणि त्याच्या टोकाला तीन फाट्यांची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की वाऱ्याने वाकला असेल, दुसरं फूल बघा, तिसरं बघा, सगळ्यांत तसंच. त्यामुळे कुक्षी स्वतःच्या अंडाशयाच्या खाली न राहता पुंकेसरांच्या रांगेत, बाहेरच्या बाजूला येते. या फुलांवर फुलपाखरं येतात, शिंजीर येतात, फुलाभोवती फिरताना त्यांच्या पंखांना आणि अंगाला पराग लागतो आणि दुसऱ्या फुलावर गेले की बाजूला आलेल्या कुक्षीला घासतो. अर्धा तास शांत बसायची तयारी असेल तर हे प्रत्यक्ष बघायला मिळतं.

फोटो समोरून, बाजूने आणि मागून असे तीन तरी. बाजूने काढलेला विसरू नका, तो काटकोन फक्त त्यातच दिसतो.

अंडाशय वर का खाली

कुळ ओळखायला या एका प्रश्नाची फार मदत होते आणि लोक नेमका तोच टाळतात कारण शब्द अवघड वाटतात. स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या. भोपळ्याच्या मादी फुलात पाकळ्यांच्या खाली इवलासा भोपळा दिसतो, म्हणजे अंडाशय पाकळ्यांच्या खाली, तो अधःस्थ. मिरचीला देठाकडे हिरवी टोपी असते, ती फुलाची निदलं, आणि मिरची त्या टोपीच्या पुढे वाढलेली, म्हणजे अंडाशय बाकी भागांच्या वर, तो ऊर्ध्वस्थ. कळलावीत परिदलं आणि पुंकेसर अंडाशयाच्या बुडाशी लागलेले आहेत, म्हणजे ऊर्ध्वस्थ. फूल खाली तोंड करून लोंबतंय त्यामुळे वर आणि खाली उलटं वाटतं, म्हणून देठाकडची बाजू खाली असं मनात धरायचं आणि मग बघायचं.

गळून पडलेलं फूल किंवा कोवळं फळ मिळालं तर ब्लेडने आडवं कापा, तीन कप्पे दिसतील. वेलावरचं तोडू नका. आणि कापल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही.

कंद खणायचा नाही

वर्णनात जमिनीखालचा भाग लागतो, पण त्यासाठी झाड उपटायचं नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. दरड कोसळलेली असेल किंवा बांध फुटला असेल तिथे कधीतरी कंद उघडा पडतो, तेव्हा बघून घ्या, नाहीतर हर्बेरियममधले, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातले, नमुने बघा. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेचं आहे आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्रही पुण्यातच आहे, आधी विचारून रीतसर जायचं. कळलावीचा कंद लांबट, दोन फाटे फुटून काटकोनात वळलेला, इंग्रजी व्ही किंवा एल अक्षरासारखा असतो. संस्कृतमध्ये तिला लांगली म्हणतात, लांगल म्हणजे नांगर, आणि कंद बघितला की हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही.

विषाबद्दल, आणि हे वगळू नका

कळलावीच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन नावाचं विष आहे, कंदात आणि बियांत भरपूर. हे द्रव्य पेशींचं विभाजन थांबवतं. योग्य अगदी छोट्या मात्रेत तेच गाऊटच्या दुखण्यावर औषध म्हणून डॉक्टर देतात, पण कंद खाल्ला गेला तर काही तासांत उलट्या, जुलाब सुरू होतात, आणि त्यातून माणूस सावरला असं वाटलं तरी पुढच्या दिवसांत रक्तपेशी कमी होणं, अवयव निकामी होणं, केस गळणं असं सगळं होऊ शकतं आणि जीव जाऊ शकतो. श्रीलंकेत रताळं किंवा रानकंद समजून हा कंद खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. आयुर्वेदातही लांगली उपविषांमध्ये, म्हणजे दुय्यम विषांमध्ये, मोजतात.

कळलावी या नावाचा अर्थच बाळंतपणाच्या कळा आणणारी असा सांगतात, पूर्वी त्यासाठी कंदाचा लेप वापरत. काही ठिकाणी हे फूल घरात आणलं की भांडणाची कळ लागते असंही म्हणतात आणि म्हणून आणत नाहीत. मला वाटतं जुन्या माणसांनी पोरांना या झाडापासून लांब ठेवायला ते फार चांगलं केलं. वर्णनात लोकांचे उपयोग नोंदवा, पण "अमुक दुखण्यावर अमुक इतका घ्यावा" असं चुकूनही लिहू नका, वाचणारा करून बघतो. आणि कोणाच्या पोटात गेलंच तर घरगुती उपाय न करता थेट हॉस्पिटल, सोबत झाडाचा फोटो किंवा तुकडा घेऊन.

आता कुळ

जमलेल्या खुणा एका ओळीत मांडा: समांतर शिरा, सहा सारखी परिदलं, सहा पुंकेसर, ऊर्ध्वस्थ तीनकप्पी अंडाशय, जमिनीखाली कंद. बागेतली गुलाबी पावसाळी लिली पण अशीच सहा भागांची, पण तिचा अंडाशय अधःस्थ, म्हणून ती अमॅरिलिडेसी कुळात, इथे बाद. जुन्या पद्धतीने बघितलं तर कळलावी सरळ लिलिएसी म्हणजे लिलीच्या कुळात जाते. थिओडोर कुक, जे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते, त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ काढला त्यातही ती लिलिएसीतच आहे, कारण तेव्हा बेंथम आणि हूकर यांची वर्गीकरण पद्धत चालायची.

आज मात्र तिचं कुळ कोल्चिकेसी. दोन पुस्तकांत दोन कुळं बघून बरेच जण गोंधळतात आणि एक पुस्तक चुकीचं समजतात. तसं नाही. जुनं लिलिएसी हे मोठं गाठोडं झालं होतं, सहा परिदलं आणि वरचा अंडाशय दिसला की टाक त्यात. डीएनएचा अभ्यास सुरू झाल्यावर कळलं की त्यातल्या अनेकांचं एकमेकांशी जवळचं नातंच नाही, आणि १९९८ पासून एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप, वनस्पतिशास्त्रज्ञांचा एक गट) नावाने जी नवी मांडणी येत गेली तिने गाठोडं सोडून वेगवेगळी कुळं केली. कोल्चिकेसीतल्या झाडांमध्ये कोल्चिसिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं सापडतात, म्हणजे विषसुद्धा नातं सांगतं. सह्याद्रीच्या पठारांवर गवतात लपलेली इफिजेनियाची छोटी जांभळट फुलं दिसतात ना, ती कळलावीच्या कुळातली, दिसायला काडीचं साम्य नाही. आणि या कुळाच्या वरचा गण लिलिएलीस, ज्यात घोटवेलीचं कुळ पण येतं.

तर उतरंड अशी लिहायची: सपुष्प वनस्पती, एकदल, गण लिलिएलीस, कुळ कोल्चिकेसी, प्रजाती ग्लोरिओसा, जाती ग्लोरिओसा सुपर्बा.

नाव पक्कं करणं

ग्लोरिओसा सुपर्बा हे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिलं, म्हणून रोमन लिपीत नावापुढे त्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर आणि टिंब देतात. प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान, दोन्ही तिरप्या टायपात. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात केरळातल्या वनस्पतींवर निघालेल्या हॉर्टस मलबारिकसमध्ये ती मेंदोनी या मल्याळी नावाने आलेली आहे, आणि मेथोनिका हे तिचं जुनं शास्त्रीय नावही त्याच वळणाचं आहे. असं जुनं नाव कुठे सापडलं तर ती वेगळी जात समजू नका, लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ऑनलाइन यादीत टाकून आजचं मान्य नाव कुठलं ते बघा. नर्सरीत रोथशिल्डियाना नावाने मिळणारी भडक लाल वेल हीसुद्धा आता याच जातीत धरतात.

ॲपचं म्हणाल तर मी फोटोवरून नाव सुचवणारं आणि नोंदी ठेवणारं आयनॅचरलिस्ट वापरतो आणि वापरा असंच सांगेन, पण ॲप सुचवतं ते उत्तर समजायचं नाही, त्याने सुचवलेल्या नावाचं वर्णन उघडून आपल्या वहीशी एकेक ओळ ताडायची. मुळात फोटोच फक्त फुलाचा असेल तर ॲप तरी काय करणार. नोंद टाकताना ठिकाण झाकायची सोय असते ती वापरा, औषधासाठी कंद खणून नेणारे असतात. तमिळनाडूत, जिथे हे राज्यफूल आहे, शेतकरी बियांसाठी तिची रीतसर शेती करतात, ते वेगळं, आपल्या बांधावरची एकदा खणली की गेली.

वर्णन लिहून काढायचं ते असं

जमिनीपासून वर जायचं, खोड, पान, फूल, फळ. क्रियापदं कमी, मापं जास्त, "सुंदर" आणि "मोहक" हे शब्द वहीत दुसऱ्या पानावर लिहा. माझ्या वहीतलं:

"कंदापासून दर पावसाळ्यात नव्याने उगवणारा वेल. खोड मऊ, गुळगुळीत, सु. २.५ मी., करवंदीवर चढलेलं. पानं बिनदेठाची, एकाआड एक, समोरासमोर किंवा तीनांच्या चक्रात, भाल्यासारखी, ९–१४ × २–३.५ सेंमी, कड अखंड, शिरा समांतर, टोक गुंडाळलेल्या ताण्यात संपणारं. फुलं एकेकटी, शेंड्याकडच्या पानांच्या बगलेत, लांब देठावर झुकलेली. परिदलं ६, सुटी, मागे वळलेली, कडा नागमोडी, ६–७ सेंमी लांब, हिरवट पिवळ्यापासून लाल होत जाणारी. पुंकेसर ६, पसरलेले, परागकोश झुलते. अंडाशय ऊर्ध्वस्थ, तीनकप्पी, कुक्षीवृंत बुडाशी काटकोनात वळलेला, कुक्षी त्रिभागी. फळ पाहिलं नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. जे बघितलं नाही ते पुस्तकातून उचलून आपल्या वर्णनात भरायचं नाही, जागा रिकामी सोडायची आणि पुन्हा जायचं. आपल्याकडे कळलावी साधारण जुलै ते सप्टेंबर फुलते, त्यानंतर फळं धरतात, आणि पाऊस संपला की वेल वाळून जमिनीवरून पूर्ण नाहीसा होतो, खाली फक्त कंद उरतो. मी त्याच करवंदीच्या जाळीकडे ऑक्टोबरच्या शेवटी परत गेलो तेव्हा पानं पिवळी पडून लोंबत होती आणि त्यात एक बोंड तीन फाकांत उकलून आतल्या गोल नारिंगी लाल बिया उघड्या पडल्या होत्या. तिथेच उभं राहून "फळ पाहिलं नाही" खोडलं आणि लिहिलं, "फळ लांबट बोंड, तीन फाकांत उकलणारं, बिया अनेक, गोल, नारिंगी लाल."